माइक कुणी निवडायचा?

गेल्या वर्षभरात तीन वेगवेगळ्या गटांनी मला एकच प्रश्न विचारला. आमच्या गाण्याच्या पथकात पुढे उभी राहून गाणारी एक जण आहे, तिच्यासाठी हातात धरायचा वायरलेस माइक घ्यायचा आहे, तर कोणता घेऊ? तिघींनाही उत्तरात एका कंपनीचं नाव हवं होतं. मी आमच्या पथकाची साउंडची बाजू बरीच वर्षं सांभाळते, म्हणून विचारणा माझ्याकडे आली, इतकंच. पण नुसतं नाव सांगून भागणार नाही, असं माझं ठाम मत झालं आहे.

प्रत्येकीला मी उलट विचारलं, ‘माइक बघायला दुकानात कोण जाणार?’ एकीने सांगितलं, आमच्या एका कार्यकर्तीचा भाऊ ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो, तो आणून देईल. दुसरीने सांगितलं, नेहमीचा मांडववाला ओळखीचा आहे, त्यालाच सांगणार. तिसऱ्या गटाने फोनवरूनच मागवायचं ठरवलं होतं. जी गाणार ती कुठेच नव्हती! आपण चप्पलसुद्धा पायात घालून, चार पावलं चालून मग घेतो. आणि दोन-दोन तास जो तोंडासमोर धरायचा, ज्याच्यातून आपला आवाज हजार माणसांत जायचा, तो माइक मात्र गाणारीच्या गैरहजेरीत ठरतो.

हे एवढं मनावर घ्यायचं कारण काय? कारण माइक चुकला की बोल माइकला लागत नाही, बाईच्या आवाजाला लागतो. बाई माइकवर गायला किंवा बोलायला लागली की दोन शेरे ठरलेले असतात. एक, ‘आवाज पोचत नाही.’ दोन, ‘फार चिरका आवाज आहे बुवा.’ हे दोन्ही शेरे एकाच बाईला एकाच कार्यक्रमात मिळालेले मी ऐकले आहेत. ते कसे मिळतात तेही समोर बसून पाहिलेलं आहे.

सकाळी साउंडवाल्याची मुलं येतात, खोकी लावतात, आणि त्यातला एक जण माइक तोंडाला लावून ‘हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग’ सुरू करतो. बोलताना पुरुषाच्या स्वरयंत्राची कंपनं सेकंदाला साधारण १०० ते १५० होतात, बाईची २०० च्या आसपास. त्याचा आवाज मुळात जाड, वर तो माइक ओठांना चिकटवून बोलतो. अशा माइकचा गुणच असा की जितकं जवळ जाल तितका खर्ज फुगतो. शब्द कळेनासे होतात. मग तो मिक्सरवरचा बेस कमी करतो, ट्रेबल चढवतो, आणि स्वतःचे शब्द स्वच्छ ऐकू आले की चहा प्यायला जातो. त्याच्या दृष्टीने माइक लागला. संध्याकाळी आपली गायिका उभी राहते, माइक वीतभर लांब धरते आणि काळी चारमध्ये सूर लावते. माणसाचा कान सर्वांत हळवा असतो तो २,००० ते ५,००० कंपनांच्या टप्प्यात. उंच स्वराची धार तिथेच असते, आणि ट्रेबल तर सकाळपासून चढवलेलंच आहे. त्यात खेड्यातले कर्णे असले तर खर्ज नावालाही नाही, सगळा आवाज नाकातून आल्यासारखा. समोरचे लोक कानावर हात ठेवतात. ‘चिरका आवाज!’ मुलगा धावत येऊन आवाज कमी करतो. मागचे ओरडतात, ‘ऐकू येत नाही!’ दोन मिनिटांत दोन्ही शेरे सिद्ध. मिक्सरकडे कुणाचीच नजर जात नाही.

यात त्या मुलाचा दुष्टावा आहे असं मला म्हणायचं नाही. लग्नसराईत त्याच्या डोळ्याला डोळा नसतो आणि हे काम त्याला कुणी नीट शिकवलेलंही नसतं. पण यंत्र ज्याच्या आवाजावर लावलं जातं, त्याचा आवाज ‘बरोबर’ ठरतो आणि बाकीच्यांचा ‘बिघडलेला’, ही गोष्ट नवी नाही. जुन्या टेलिफोनच्या तारेतून ३०० ते ३,४०० एवढीच कंपनं सोडत असत. स, श यांसारख्या वर्णांचा बराचसा भाग त्याच्याही वर असतो, आणि बायकांच्या व मुलांच्या बोलण्यात तो आणखी वर असतो. साहजिकच तो कापला जाई. फोनवर बाईचं बोलणं अस्पष्ट येतं असं म्हणणाऱ्यांनी तारेला कधी दोष दिला नाही.

खरं पाहता माइक आला तो हळू आवाजाच्या माणसाला वर काढणारा म्हणून. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचं गाणं पहिल्यांदा ध्वनिमुद्रित झालं तेव्हा समोर माइक नव्हता, भोंगा होता, आणि त्या भोंग्यात जोर लावूनच गावं लागे. विजेवर चालणारा माइक ध्वनिमुद्रणात रुळला तो १९२५ नंतर. त्यानंतर कुजबुजत्या आवाजात गाणारी माणसंही लाखोंपर्यंत पोचली. तेव्हा ‘आमचे आवाज उघडे आहेत, आम्हाला माइकचं कौतुक नको’ असं जुन्या कार्यकर्त्या म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. १९८३ पासून स्त्री मुक्ती संघटनेने ज्योती म्हापसेकरांचं ‘मुलगी झाली हो’ गावोगाव, वस्त्यावस्त्यांतून केलं, त्या काळच्या गळ्यांची ताकद मी नाकारत नाही. पण आजच्या चौकातला गलका वेगळा आहे, आणि त्या उघड्या गळ्यांची पुढे काय दशा झाली तेही आपल्याला माहीत आहे. शिवाय सगळ्यांचा गळा उघडा नसतो. जात्यावरची ओवी बाई स्वतःशी म्हणते, ती ओरडून म्हटली तर ओवीच राहत नाही. अशा मावशीला चौकात ऐकवायचं असेल तर माइक हवा, आणि तोही तिच्या आवाजाला मानवणारा.

आता वायरलेसच कशाला, हेही आधी ठरवा. माझं मत स्पष्ट आहे. पथक एका जागी रांगेत उभं राहून गाणार असेल तर तारेचाच माइक घ्या. तेच कॅप्सूल असलेला वायरलेस संच तारेच्या माइकच्या तिपटीहून महाग पडतो, आणि आवाज फार तर तितकाच चांगला येतो. गाणारीच्या हातात डफ किंवा एकतारी असेल तर तिला माइक धरायला हातच नाही. तिला स्टँड द्या. वायरलेसचे पैसे वसूल होतात ते फिरावं लागतं तेव्हा. पथनाट्यात, मोर्चाच्या पुढे टेम्पोच्या मागोमाग चालताना, आणि मुख्य म्हणजे मंचावरून खाली उतरून बायकांत जाताना. पुढच्या रांगेतल्या बायका मंचाजवळ येऊन बोलतात. शेवटच्या रांगेत लेकरू मांडीवर घेऊन बसलेली उठून येत नाही. गाण्याचं धृपद म्हणत गायिका तिच्यापर्यंत गेली आणि माइक तिच्या तोंडासमोर धरला की ती धृपद म्हणते, आणि पुष्कळदा धृपदानंतर दोन वाक्यं स्वतःचीही बोलते. तारेच्या माइकला हे जमत नाही. माझ्या मते आपल्या पथकांनी वायरलेस घ्यावा तो या एका कारणासाठी, दिसायला झकपक दिसतो म्हणून नव्हे.

‘मग कानाला लावायचा घ्या, हात मोकळे राहतील’ असा सल्ला मिळतो. तो देणाऱ्याने साडीत कधी कार्यक्रम केलेला नसतो. त्या माइकची तार कपड्याच्या आतून कमरेपर्यंत न्यावी लागते आणि डबी अडकवायला पट्टा किंवा खिसा लागतो. साडीला दोन्ही नाहीत. मंचामागे एक अनोळखी तरुण तार ‘नीट करायला’ पुढे येतो आणि बाई अंग चोरून उभी राहते, हे दृश्य नाट्यगृहांतून अजून दिसतं. त्याची नजर चांगली असो की वाईट, गाण्याआधी पाच मिनिटं बाईने ते का सोसायचं? शिवाय बोलती बाई तोंडावरचा माइक काढून दुसरीच्या हातात देऊ शकत नाही. हातातला माइक देता येतो, नको तेव्हा बाजूला नेता येतो, खोकला आला तर खाली घेता येतो. तेव्हा हातातलाच बरा.

दुकानाविषयी. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीच्या आसपास अशी दुकानं आहेत. जिल्ह्याच्या गावी एखाददुसरं असतं. आम्ही चौघी एका दुकानात गेलो तर मालक आमच्याबरोबर आलेल्या रिक्षावाल्या दादांशी बोलू लागला! मग आमच्याकडे वळून म्हणाला, ‘मॅडम, लेडीज व्हॉइससाठी हा घ्या, हलका आहे.’ लेडीज माइक नावाची वस्तू नसते. बायकांचे आवाजही एकसारखे नसतात. फडावर लावणी-पोवाडा गाऊन तापलेला गळा निराळा, भजनी मंडळातला निराळा. एका बाईला जो माइक खुलवतो तोच दुसरीला टोचतो.

उदाहरण म्हणून सगळ्यांत ओळखीचा माइक घेऊ. शुअर कंपनीचा एसएम ५८ हा १९६६ साली निघाला आणि आजही जगभर मंचावर तोच दिसतो. मजबूत आहे, आत रबरी बैठक असल्याने हाताचा खडखडाट कमी येतो. पण त्याच्यात उंच टप्प्यातला आवाज थोडा उचलून देण्याची सोय कंपनीनेच केलेली आहे, शब्द उठून यावेत म्हणून. मऊ, घोगऱ्या आवाजाच्या बाईला ते फार छान मानवतं. ज्या बाईच्या आवाजाला मुळातच धार आहे तिला त्याचा कधीकधी त्रास होतो. त्याच घराण्यातला बीटा ५८ ए आणखी उजळ आहे. सेनहायझरचा ई ८३५ घेऊन बघा, दुसरे कुठलेही घेऊन बघा. वायरलेस संचात हीच कॅप्सूल बसवलेली मिळतात, तेव्हा आधी कॅप्सूल कानाने ठरवा आणि मग त्याचा वायरलेस संच मागा. उलट्या क्रमाने गेलात तर डबीवरच्या दिव्यांचे पैसे द्याल. आणि एसएम ५८ च्या नकला इतक्या आहेत की पावतीशिवाय घेऊच नका.

बघायचं कसं? गायिकेने स्वतःचं गाणं गाऊन. दुकानदार ‘हॅलो चेक’ म्हणून दाखवेल, ते त्याचं त्याला लखलाभ. शक्य असेल तर ढोलकी बरोबर न्या. मिक्सरवरचे बेस-ट्रेबलचे खटके मध्यावर आणायला सांगा आणि एको पूर्ण बंद करायला लावा. एकोवर दुकानदारांचं भारी प्रेम. त्यात भिकार माइकही गोड वाटतो आणि शब्द मात्र एकमेकांत लडबडतात. आपल्या गाण्यात शब्दच गेला तर राहिलं काय? मग तीन तुकडे गा : एक अगदी खालचा आणि हळू, एक सगळ्यात उंच आणि मोकळा, आणि एक असा की ज्यात स, श यांची गर्दी आहे आणि भ, फ, ध हेही आहेत. मराठीतल्या महाप्राण अक्षरांचा श्वास माइकच्या जाळीवर आदळून फटफट वाजतो. आपल्या गाण्यांत तर फुले आणि भीमराव पावलोपावली येतात, तेव्हा ते नीट आले पाहिजेत. दुसरीने लांब, पाठ करून ऐकावं. दोन माइकांची तुलना करताना आवाज सारखाच ठेवायला सांगा. जो जरासा मोठा वाजतो तो कानाला नेहमीच चांगला वाटतो, आणि महाग माइक कोणत्या खटक्यावर वाजवायचा हे दुकानदाराला पक्कं माहीत असतं.

मग हात. एसएम ५८ तारेचा असला तर २९८ ग्रॅम भरतो. वायरलेसचे दांडे सेलसकट त्याच्या मागेपुढे असतात, पण जाड असतात. ज्या बाईचा पंजा लहान, तिची बोटं दमतात, मग नकळत पकड वर सरकते आणि ती जाळीचा गोळाच मुठीत धरते. ऑर्केस्ट्रातले गायक मुद्दाम तसं धरतात, दिसतं छान. पण असा माइक पत्त्यातल्या बदामाच्या आकारात ऐकतो : समोरचं पूर्ण, बाजूचं कमी, पाठीमागचं जवळजवळ नाही. हे साधतं ते जाळीच्या मागच्या बाजूच्या फटींमुळे. त्या मुठीत झाकल्या की तो चहूकडचं ऐकू लागतो, खोक्यातला आवाज परत आत घेतो आणि शिट्टी मारतो. लोक म्हणतात, बाईला माइक धरता येत नाही. खालून धरावा तर बऱ्याच हातमाइकांची अँटेना शेपटाकडे असते, तिथे मूठ आली की आवाज तुटतो. म्हणून मधोमध सहज पकडता येईल असाच दांडा पाहिजे, आणि ते फक्त तिचा हात सांगू शकतो. बांगड्या काढायला मात्र कुणी सांगू नये. काढायच्या की घालायच्या हा तिचा प्रश्न आहे. बांगड्या दांड्यावर आपटल्याचा आवाज खोक्यातून येतो का ते दुकानातच ऐका, येत असला तर दुसरा माइक मागा.

गाण्याची पट्टी हा वेगळा लेखाचा विषय, पण एक वाक्य लिहितेच. वाजवणारे पुरुष असले की गाणी बहुधा काळी एकच्या आसपास बसवलेली असतात आणि ‘आता बदलता येणार नाही’ असं उत्तर मिळतं. त्या पट्टीत बाईचा आवाज खाली बुडतो नाहीतर वर ताणला जातो, आणि मग महागडा माइक आणूनही काही फरक पडत नाही.

हवेतल्या भानगडी थोडक्यात. वायरलेस माइक म्हणजे छोटं रेडिओ केंद्र. ते कोणत्या पट्ट्यात बोलतं हे खोक्यावर लिहिलेलं असतं, ते वाचा आणि बिलावर लिहून घ्या. २०२२ च्या लिलावात आपल्याकडे ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा मोबाइलच्या सेवेला गेला, त्यामुळे तिथे चालणारे जुने किंवा बिननावाचे संच स्वस्तात मिळाले तरी घेऊ नयेत. अमेरिकेतही ६०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या बहुतेक भागात जुलै २०२० पासून असे माइक वापरायला बंदी आहे, तेव्हा कुणाचा भाचा तिकडून जुना संच भेट म्हणून आणत असेल तर त्याला आधी आकडा विचारा. २.४ गिगाहर्ट्झचे संच सोपे आणि बिनपरवान्याचे असतात, पण वाय-फाय आणि ब्लूटूथ त्याच वाटेने जातात. तीस जणींच्या शिबिरात ते उत्तम चालतात. पाचशे बायकांच्या मेळाव्यात पाचशे मोबाइल असतात आणि नेमकं धृपदाला आवाज तुटतो. मोठ्या सभा करणाऱ्यांनी त्यामुळे यूएचएफचा, ६९४ मेगाहर्ट्झच्या खालचा, कंपनसंख्या बदलता येणारा संच घ्यावा. स्वस्त जोडीच्या माइकांत ती बदलता येत नाही, आणि शेजारच्या मंडळाचा सत्यनारायण आपल्या खोक्यातून ऐकू येतो. लहान मुलांच्या खेळण्यासारखे ब्लूटूथचे कराओके माइक घेऊ नयेत. त्यात आवाज मागून येतो आणि ढोलकीशी गाठ पडत नाही. डिजिटल संचातही अगदी किंचित उशीर असतो, पण तो काही सहस्रांश सेकंदांचा. ढोलकी दीड-दोन मीटरवर असली तर तिच्या आवाजालाही तेवढाच वेळ लागतो, त्याने काही बिघडत नाही.

रिसीव्हर घेताना दोन अँटेनांचा घ्या. तो मागे मिक्सरच्या लोखंडी पेटीत ठेवायचा नाही. माणसाचं शरीर म्हणजे बरंचसं पाणी, ते रेडिओलहरी शोषून घेतं, तेव्हा गर्दीच्या डोक्यांवरून दिसेल असा मंचाजवळ उंचावर ठेवायचा आणि तिथून मिक्सरपर्यंत तार न्यायची. दुकानातून निघण्याआधी गायिकेने गात गात रस्त्यावर पन्नास पावलं जावं, पाठ फिरवून उभं राहावं. रस्त्यावरची माणसं बघतील, बघू देत. सेल दर कार्यक्रमाला ताजे.

एक गोष्ट मात्र मला मोठ्या अक्षरात लिहाविशी वाटते. साधा, अॅनालॉग वायरलेस माइक बंद खोलीतलं बोलणं खोलीबाहेर नेतो. त्याच कंपनसंख्येवर दुसरा रिसीव्हर लावला की भिंतीपलीकडे, शेजारच्या हॉलमध्ये, सगळं स्वच्छ ऐकू येतं. गाण्याला त्याचं काही वाटत नाही. पण आपल्याकडे संध्याकाळी गाणी झाली की त्याच माइकवर रात्री मारहाण सोसलेल्या बायका बोलतात, नावं घेतात, गाव सांगतात, सासरचं सांगतात. समुपदेशनाच्या, अत्याचारग्रस्तांच्या, वारसाहक्काच्या भांडणातल्या बैठकांना हा माइक वापरूच नये. तारेचा वापरा, नाहीतर वर्तुळ करून बसा. काही डिजिटल संचांत आवाज कुलूपबंद करून पाठवण्याची सोय असते. ती हवी असेल तर विकत घेतानाच विचारा, आणि ती चालू केली आहे ना हे दर वेळी पाहा. ‘सगळ्या आपल्याच तर आहेत’ असं म्हणून दार लावून घेणाऱ्या गटांना हे माहीत असलं पाहिजे.

आता आपल्या आपल्यात होणारा वाद. ‘आपण सामूहिक गाणाऱ्या. एकीच्या आवाजावर बेतलेला एवढा महाग माइक म्हणजे आपल्यात स्टार तयार करणं नव्हे का?’ हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. माइक हातात आला की न सोडणाऱ्या आपल्यातही आहेत, आणि त्या सगळ्या गायिकाच असतात असं नाही. पण सामूहिकपणाचा अर्थ सगळ्यांना सारखाच न मानवणारा माइक, असा मी करत नाही. सात जणींच्या पथकात एक जण पुढे गाते तेव्हा तिच्या गळ्यावर सगळ्यांची गाणी उभी असतात. तो गळा ओरडून फाटला तर उरलेल्या सहा जणींची मेहनत वाया जाते. माइक पथकाच्या मालकीचा ठेवा, नोंदवहीत लिहा, बाकीच्यांसाठी तारेचे दोन चांगले घ्या. जाळी फिरवून काढता येते आणि सुटीही मिळते, तेव्हा प्रत्येकीची आपापली जाळी असू द्या. थुंकी, लिपस्टिक, सर्दी सगळ्यांची वेगवेगळी असते, आणि २०२० नंतर हे तरी कुणाला समजावून सांगायला नको.

पैशांचं म्हणाल तर आपल्या अंदाजपत्रकात बॅनरला रकाना असतो, जेवणाला असतो, पाहुण्यांच्या गाडीला असतो. साउंडला ‘किरकोळ’मध्ये टाकलेलं असतं. ८ मार्चच्या एका कार्यक्रमात आयोजकांनी चांगला वायरलेस पाहुण्यांच्या भाषणासाठी राखून ठेवला होता आणि गाणाऱ्या मुलींना फुटक्या जाळीचा माइक मिळाला होता. पाहुणे अकरा मिनिटं बोलले. मुली दीड तास गायल्या. यावर तिथे भांडण करायला हवं होतं, आणि ते आम्ही केलं. पुढच्या वर्षी त्यांनी आम्हाला बोलावलं नाही.

माइक घेतला तरी मिक्सरवर कोण, हा प्रश्न उरतो. पथकातल्या दोघींनी तरी तो शिकावा. इलेक्ट्रॉनिक्सची पदवी लागत नाही. कोणता खटका कुठल्या माइकचा, बेस-ट्रेबल मध्यावर म्हणजे कुठे, शिट्टी आली तर आधी काय खाली करायचं, आणि गाणारीसमोरचं मॉनिटरचं खोकं कुठे ठेवायचं, एवढं आधी यायला हवं. बदामाच्या आकाराने ऐकणाऱ्या माइकला ते खोकं गाणारीच्या थेट समोर, तिच्याकडे तोंड करून ठेवतात, कारण माइकची पाठ तिकडे असते. बीटा ५८ ए सारखा आणखी अरुंद ऐकणारा माइक थोडंसं पाठीमागचंही ऐकतो, तेव्हा त्याचं खोकं जरा तिरकं, बाजूला सरकवावं. आणि माइकची चाचणी गाणाऱ्या बाईनेच, ज्या अंतरावर ती गाणार त्याच अंतरावरून, गाऊनच करायची. साउंडवाल्या दादांना हे गोड शब्दांत सांगितलं तर बहुतेक ऐकतात. एकदोघे आपणहून मुलींना मिक्सरपाशी बसवून शिकवतात, असाही अनुभव आहे.

आमच्या पथकाकडे सध्या एक वायरलेस संच आणि तीन प्रकारचे तारेचे माइक आहेत. पुढच्या विभागीय शिबिरात दुसऱ्या दिवशी सकाळी ते मांडून ठेवू. ज्या गटांना ऐकून बघायचं असेल त्यांनी आपापल्या गाणारीला घेऊन यावं, तिची पट्टी विचारून यावी, आणि कोणतं गाणं म्हणायचं ते ठरवून यावं. साडेआठला सुरू करू, कारण दहानंतर तोच हॉल बैठकीला द्यायचा आहे आणि तेव्हा वायरलेस बंद असेल.